डिसेंबरातला दिवाळीचा फराळ

प्रभू, माझ्या भावा, आपल्या गावाहून शहरातलं पुंडलिकनगर ते किती लांब? पैठणला येऊन एसटी धरली की सव्वा-दीड तासाचा रस्ता. लोक दुबईला जातात, जर्मनीला जातात, त्यांनी घराच्या आठवणीनं रडावं. मी निघाले तेव्हा तूच म्हणाला होतास, "अक्का, एवढ्यापायी कोन रडतं?" तरी पैठणच्या स्टँडवर मी रडले. नाताळ सहा दिवसांवर आला होता आणि लॅबमध्ये मला लगेच रुजू व्हायचं होतं. आईनं मांडीवर करंज्यांचा डबा ठेवला. अण्णांनी खिडकीतून नाताळची चांदणी आत दिली. कामट्यांची, लाल-पिवळ्या पतंगी कागदाची, त्यांनी स्वतः केलेली. "दाराला लाव," ते म्हणाले, "म्हंजे येनाऱ्या-जानाऱ्याला कळंल."

ती चांदणी आठ वर्षं माझ्या माळ्यावर पडून होती. हे तुला माहीत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुझ्यासाठी, आणि आपल्या चर्चमधली जी मुलं माझ्यासारखी शहरात आली त्यांच्यासाठीही. त्यांच्यातल्या काहींच्या माळ्यावर काय आहे, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

अण्णा शिवणकाम करायचे. नाताळच्या आधी दोन दिवस मशीन बंद. मग वहीचे कागद कापडाच्या कात्रीनं कापायचे आणि लाल पेनानं चिठ्ठ्या लिहायच्या: "देवानं आपल्यासाठी लेकरू पाठवलं. आमच्या आनंदात तुम्हीबी या." प्रत्येक ताटात करंजी, अनारसा, चिवडा, एक चिठ्ठी, आणि वरून आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल. ताट घेऊन ते स्वतः जात. ओट्यावर बसून येशूच्या जन्माची गोष्ट चार वाक्यांत सांगत, चहा घेत आणि उठत. कुणाला कधी भरीस घातलं नाही, कुणाच्या देवाला नाव ठेवलं नाही. धनगरांचे हरिबा मामा तर दरवर्षी तीच गोष्ट पुन्हा मागायचे. "देवदूत पयल्यांदा कुनाकडं गेला ते सांगा, मास्तर." अण्णा सांगायचे, रानात मेंढरं राखणाऱ्यांकडं. मग मामा सगळ्यांकडे असं पाहायचे, जणू निरोप त्यांच्याच दारी आला होता. शिंप्याला मास्तर म्हणायची आपल्याकडची पद्धत, पण मामा म्हणायचे तेव्हा अण्णा खरंच मास्तर वाटायचे.

मला त्या फेरीत मागं मागं चालायला फार आवडायचं. अण्णांचा नियम एकच होता. "नुसतं ताट द्यायचं नाय. कशापायी दिलं ते बी सांगायचं."

शहरात आल्यावर खोली शोधताना पहिल्या दोन ठिकाणी मी सरळ सांगितलं, आम्ही ख्रिश्चन. दोन्हीकडे खोली आदल्याच दिवशी गेलेली निघाली. तिसऱ्या ठिकाणी मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. घरमालकीण काळेकाकू वर राहतात, मी खाली. बाई बोलायला फटकळ पण मनानं मोकळी. दौलताबादकडे त्यांची शेती आहे, तिकडून काही आलं की माझा वाटा खाली येतो. पहिल्या वर्षी भीती होती, हे मी मान्य करते. पण नंतर भीती उरली नव्हती, नुसती सवय उरली होती. रविवारी चर्चला निघताना काकूंनी विचारलं तर मी ओव्हरटाइम सांगायची. त्या म्हणायच्या, मेले राबवून घेतात तुला. मी हसायची.

नाताळला मी गावी येत होते तोवर सगळं निभावलं. दोन वर्षांपूर्वी सुट्टी मिळाली नाही, तर अण्णाच आले. दोन पिशव्यांत फराळ, पाच ताटांपुरते रुमाल आणि शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी ताटं भरली. मग केस विंचरून, टोपी घालून वर निघाले.

मी म्हणाले, "अण्णा, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही बसा. मी देऊन येते."

त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि ओट्यापाशी उभं राहून मी पाचही ताटांतल्या चिठ्ठ्या काढल्या. चहापत्तीच्या डब्यामागं दडवल्या. एकदाही थांबले नाही, प्रभू. मला त्याचीच जास्त लाज वाटते. पाचही दारांत हसून सांगितलं की दिवाळीला घरी जाता आलं नव्हतं, आईनं आता फराळ पाठवलाय.

संध्याकाळी काकू ताट परत द्यायला खाली आल्या. रिकामं ताट कसं द्यायचं म्हणून त्यात शेतातला हुरडा होता. अण्णा खुर्चीत बसलेले. काकू त्यांना म्हणाल्या, "भाऊ, करंज्या फक्कड झाल्यात हो. पण दिवाळीचा फराळ डिसेंबरात? फारच उशीर केलात की."

मी कपाट उघडून उगाच काहीतरी शोधू लागले. अण्णांनी माझ्या पाठीकडे पाहिलं असणार. मग ते म्हणाले, "व्हय ताई. उशीर झाला जरा."

शिवायला दोन दिवस लागणार असतील तर गिऱ्हाइकाला दोनच सांगणारा माणूस. चाळीस वर्षं दारोदार जाऊन ज्यानं ती एकच गोष्ट सांगितली, तो माझ्या घरी बसून माझ्यासाठी खोटं बोलला. मला रागावले असते तर बरं झालं असतं. रात्री जेवताना त्यांनी हुरड्याचं कौतुक केलं. सकाळी चहा त्यांनीच केला. ते गेल्यावर मी चहापत्तीचा डबा उचलला, तर मागं चिठ्ठ्या नव्हत्या.

गेल्या वर्षी तू आणून दिलेला डबा आठवतोय? त्यात चिठ्ठ्या नव्हत्या. मी आईला फोन केला तर ती म्हणाली, "ते म्हनले नको घालू. पोरीला तिथं ऱ्हायचंय." त्या दिवशी मी लॅबमध्ये कुणाचं तरी रक्त घेताना दोनदा चुकले.

या वर्षी चांदणी माळ्यावरून काढली. एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता, तिथं वर्तमानपत्र चिकटवलं आणि दाराला लावली. मग वर जाऊन काकूंना सगळं सांगितलं. ओव्हरटाइमसकट. काकू निवडायची मेथी बाजूला ठेवून ऐकत होत्या. त्या हसतील असं मला वाटलं होतं, पण त्या दुखावल्या. "आठ वर्षं माझ्या घरात राहिलीस," त्या म्हणाल्या, "आणि मला एवढंच ओळखलंस?" ज्यांनी मला खोली नाकारली त्यांचा हिशेब मी या बाईच्या नावावर लावून ठेवला होता.

रात्री अण्णांना फोन करून सांगितलं. वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "तुझं तू सांगितलंस, बरं केलंस. आन् माझं? मी बी त्या ताईशी खोटं बोललो की. ते तू कसं सांगशील? मी येतो."

काल आले. यंदा एकच ताट भरलं. जिना चढताना मी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. कठड्याला धरून, पायरीपायरीवर थांबत गेले. काकूंनी दार उघडलं, आत या म्हणाल्या. अण्णा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"ताई, दोन वर्साखाली मी तुमच्याशी खोटं बोललो. तो फराळ दिवाळीचा नव्हता. आधी ते सांगतो, मग बसतो."

काकूंनी नुसतं ताट हातात घेतलं आणि खुर्ची पुढं सरकवली. अण्णांनी खिशातून एक चिठ्ठी काढून ताटात ठेवली. घडी पडून मऊ झालेली, लाल शाई फिकट झालेली. चहापत्तीच्या डब्यामागची. मग चहा येईपर्यंत त्यांनी चार वाक्यांत ती गोष्ट सांगितली. मेंढरं राखणाऱ्यांपाशी आल्यावर हरिबा मामांसाठी थांबायचे तसे थांबले.

मी दाराबाहेर ताटावरचा क्रोशाचा रुमाल हातात धरून उभी होते. काकूंनी दोनदा बोलावल्यावर आत गेले.

प्रभू, घर म्हणजे आता मला एवढंच कळतं की जिथं आपलं ताट कशापायी आलं ते सांगता येतं. ते पैठणपासून सव्वा-दीड तासावर होतंच. मला तिथं पोचायला आठ वर्षं लागली, आणि शेवटचा जिना अण्णांना चढावा लागला.