दाजींची आपोआप गाडी

दुपारी जेवून नुकताच आडवा झालो होतो, तेवढ्यात आक्काचा फोन आला. "बाळू, ह्ये गेलं रं..." ती म्हणाली. मी अर्धवट झोपेत विचारलं, "कुठं? लोणंदला?" मग शेजारणीनं फोन घेतला आणि मला नीट सांगितलं. माझ्या त्या प्रश्नाची आजही लाज वाटते आणि हसूही येतं, कारण दाजी गेले म्हणजे पिकअप घेऊन कुठंतरी गेले, असाच आमच्या घरात अर्थ होता. या वेळी शेतातून येऊन, गाडी शेडमध्ये लावून, चहा पिऊन ते आडवे झाले आणि उठलेच नाहीत. सांगलीहून कराडला पोचेपर्यंत मी एसटीत खिडकीकडे तोंड करून रडत होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शामराव. फौजेत सगळी नोकरी त्यांनी गाड्या चालवण्यात घालवली, सुभेदार होऊन गावी आले आणि ऊस लावला. मग शेतातल्या चरात ट्रॅक्टर उलटला. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्यात वाकायचा बंद झाला. आता क्लच दाबणार कसा? ज्या माणसानं बर्फातून ट्रक काढले, त्याला देवळात जायलाही कुणाची तरी मोटरसायकल बघावी लागायची. मागच्या सीटवर पाय आडवा काढून बसलेले दाजी पाहिले की मला गलबलून यायचं. माझं तोंड बघून तेच म्हणायचे, "मेव्हणं, रडू नगा, लोकास्नी वाटंल मी सासरला निघालोय."

असं वर्ष-दीड वर्ष काढल्यावर एक दिवस त्यांनी पुण्याहून एक जुनी परदेशी पिकअप आणली. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. गावानं तिचं नावच 'आपोआप' ठेवलं. "आपोआप आली का कराडास्नं?" असं लोक सरळ विचारायचे. पहिल्यांदा मी चालवली तेव्हा सवयीनं डावा पाय क्लचवर म्हणून जोरात दाबला, तो ब्रेकवर. मागं हौद्यात उभे असलेले आमचे चुलते केबिनवर आदळले आणि त्यांनी माझ्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला, म्हणजे स्वतःचाच.

आटपाडीला एका लग्नात तिची बॅटरी उतरली. आपल्याकडे गाडी बंद पडली की कुणाला बोलवावं लागत नाही, माणसं आपणहून बाह्या सरसावतात. फेटे बांधलेलं अख्खं वऱ्हाड मागं लागलं. "दाजी, सेकंडला टाकून सोडा!" सगळे ओरडत होते. मी सांगत होतो, "आवं, ही ढकलून चालू होत न्हाई, हिला क्लचच न्हाई!" पण पुरुषांचा घोळका एकदा ढकलायला लागला की ऐकत नाही. दाजीही स्टिअरिंगवर बसून "जोर लावा गड्यांनो" म्हणत होते. गाडी काही चालू झाली नाही. ढकलत ढकलत थेट बॅटरीच्या दुकानापुढं पोचली. तिकडं अक्षता पडून गेल्या होत्या. "चालू न्हाई झाली," दाजी म्हणाले, "पर पोचली का न्हाई?"

खरं संकट पुढं आलं. चढावर गाडी नुसती गुरगुरायला लागली. इंजिन बोंबलायचं, चाकं मात्र जागची हलायला तयार नाहीत. एका गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्सच बदला म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, हा काढून साधा क्लचवाला बसवू, कटकट मिटेल. दाजींनी त्याला विचारलं, "आनि क्लच काय तू माझ्या मांडीवर बसून दाबनार हाईस व्हय रं?" गॅरेजमध्ये सगळे हसले. घराजवळ आल्यावर मात्र दाजी म्हणाले, "ही गेली की मी परत मागच्या सीटवर, मेव्हणं."

मग त्यांनी स्वतःच इलाज मांडला. फौजेतला नियम असा की सकाळी उठून आधी गाडीची परेड. दाजी पहाटे गाडी चालू करून लगेच गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढायचे. तेल खुणेपेक्षा कमी दिसायचं. ते थोडं ओतायचे. दुसऱ्या दिवशी परत कमी, परत थोडं. ते तेल लालभडक असतं. "तर्री कमी आसंल तर रस्सा कसा लागंल?" हे त्यांचं शास्त्र. आणि जितकं तेल पोटात जाई तितकी गाडी जास्त गुरगुरे.

शेवटी उलगडा केला आक्कानं, तोही वैतागून. दाजी चढावरून हरून परत आले होते, इंजिन चालूच होतं. त्यांनी पट्टी काढली आणि आक्काच्या पदराला पुसायला गेले. तिनं पदर ओढून घेतला आणि पट्टीकडं बघून म्हणाली, "ह्यो फेस कसला? गळ्यापातूर ताक भरून रवी फिरवली की आसाच फेस येतो. किती भरलंय त्यात?" दाजींनी पट्टी पुसून परत बुडवली, तर तेल खुणेच्या कितीतरी वर होतं. तेल तापलं की फुगतं, आणि ती खूण तापलेल्या तेलासाठी होती. गार तेल त्या खुणेशी मोजून दाजी रोज तिला जेवणावर जेवण घालत होते.

जनावरांच्या डॉक्टरांकडून मोठी पिचकारी आणली, तिला नळी लावली आणि आम्ही दोघांनी अंगणात बसून जादा तेल उपसलं. मग कराडला नेऊन मुळात चोंदलेली गाळणी बदलली, सगळं तेल नवं भरलं, मापात. त्याच चढाला दाजींनी गाडी घातली तेव्हा मी आणि आक्का श्वास धरून बसलो होतो. गाडी मुकाट वर गेली. माथ्यावर दाजींनी गाडी थांबवली आणि लहान मुलासारखे ओरडले, "चढली गं!" आक्का म्हणाली, "आता रोज परेड करायची आसंल तर आधी हिला हिंडवून आना." तेव्हापासून त्यांना रोज हिंडायला अधिकृत कारणच मिळालं. कधी कांद्याचा भाव बघायला लोणंद, कधी उगीचच.

दाजींचं दिवसकार्य आटोपलं. भाचा नितीन पुण्याला असतो, त्याला ही गाडी शेडमध्ये सडू द्यायची नव्हती. त्यानं गिऱ्हाईक बघितलं. आक्का हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ बदलून बाहेर आली. "बाळू, चल. रानापातूर जाऊन येऊ."

मी स्टिअरिंगवर बसलो तर माझे पाय पेडलला पोचेनात. न वाकणारा पाय ठेवायला उंचापुऱ्या दाजींनी सीट पार मागं सारली होती. मी खाली हात घालून खटका शोधायला लागलो.

"हात काढ," आक्का म्हणाली. "सीट हलवू नगंस."

"आगं, पाय न्हाई पोचत."

ती उतरली, घरात गेली आणि उशी घेऊन आली. माझ्या पाठीमागं कोंबली. "आता?"

"थोडं ऱ्हातंय."

ती आणखी एक उशी घेऊन आली. नितीन पायरीवर उभा राहून हे सगळं बघत होता. त्यानं खिशातून फोन काढला आणि त्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगितलं. दोन उशांच्या टेकूनं माझे पाय पोचले. आक्का शेजारी बसली, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "सावकाश घे. गाडी गार हाय अजून."