माय पाया पडली नाही

“अम्मा, साडी बदलके आओ. गरीब लगना चाहिए.”

सिनेमाच्या सहायक दिग्दर्शकाने माझ्या मायला हे सांगितलं. आमच्याच गावात, धानाच्या बांधावर, भर दुपारी, सगळ्यांसमोर. माय सकाळीच न्हाऊन तयार झाली होती. लेकीच्या गोष्टीवर पिच्चर निघतोय म्हणून तिने पेटीतली हिरवी साडी काढली होती. नागऱ्याच्या जत्रेत घेतलेल्या बांगड्या घातल्या होत्या. तिला वाटलं, आपण पाहुणे आहोत. त्यांना ती रोवणी करणाऱ्या बायांच्या घोळक्यात हवी होती. मागे. पाठमोरी.

माय माझ्याकडे वळली. “गरीब म्हंजे आणखी कसा दिसाचा वो?”

ती घरी गेली आणि विटकी साडी नेसून आली. तरी त्यांचं भागलं नाही. मेकअपवाल्याने बांधीतला, धानाच्या वाफ्यातला, चिखल बोटांवर घेतला आणि तिच्या गालाला फासला. माय जागची हलली नाही. मीच मान खाली घातली.

आमच्याकडे गालाला लावलेला चिखल ही साधी गोष्ट नाही. माझी अख्खी गोष्ट त्या चिखलाचीच होती.

रोवणीचा शेवटचा दिवस असतो. शेवटच्या बांधीत रोपांची शेवटची पेंढी रोवून झाली की मजूर बाया मालकाला चिखल लावतात. मालक हसतो, पळतो, सापडतो आणि मग बायांना भोजारा देतो. भोजारा म्हणजे रोवणी आटोपल्याची खुशी, गोडधोड जेवण. वर्षातून त्या एकाच दिवशी मालकाच्या अंगाला मजुराचा हात लागतो. पण सगळ्यांचा नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या बायांनी चिखलाचा गोळा बांधावर ठेवायचा. दुसऱ्या जातीच्या बायांनी तो उचलायचा आणि मालकाला लावायचा. रोवायला आमचे हात चालायचे. त्याच हातांनी रोवलेला भात त्याच्या पोटात चालायचा. गालाला ते हात चालायचे नाहीत.

मी चौथीत होते. बांधावर बसून भोजाऱ्याची वाट पाहत होते. त्या वर्षी मायने गोळा बांधावर ठेवला नाही. ती सरळ मालकाकडे गेली आणि दोन्ही हातांनी त्याच्या गालांना चिखल लावला. हसत लावला. सगळ्याच बाया हसत होत्या. मालकाने तिच्या कानाखाली वाजवली. हसणं जागच्या जागी थांबलं.

“पाया पड,” मालक म्हणाला. “मंगच साऱ्याहीले भोजारा भेटंल.”

सगळ्या बाया मायकडे पाहू लागल्या. पोटं रिकामी होती, तिकडे चुलीवर भात शिजत होता. मायने नहराच्या वाहत्या पाण्यात हात धुतले. माझं बोट धरलं आणि घरी आली. मागे वळून पाहिलं नाही. त्या मालकाच्या शेतात ती पुन्हा कधी उतरली नाही. गावात दुसऱ्या कोणी तिला बोलावलं नाही. मग ती गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती उचलायला जाऊ लागली. तिची पाठ तिथे गेली. कोंड्याने छाती भरली. आजही रात्री खोकते. पाया पडली असती तर यातलं काही झालं नसतं. हे तिला माहीत होतं. तरी पडली नाही.

मी शिकले, आमगावला तहसीलसमोरच्या टायपिंगच्या दुकानात लागले. दिवसभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. गिऱ्हाईक नसलं की ही गोष्ट. मायच्या बोलीत लिहिली, कारण ती दुसऱ्या बोलीत घडलीच नव्हती.

कितीतरी ठिकाणी पाठवली. एका संपादकांनी कळवलं, भाषा समजत नाही, शुद्ध मराठीत लिहून पाठवा. दुसऱ्यांना मी फोन केला. ते म्हणाले, “तुमची बाई फार कोरडी आहे हो. शेवटी तिला थोडं हळवं करा, वाचकाला रडू आलं पाहिजे.” मी म्हटलं, ती रडली नव्हती. ते म्हणाले, “मग छापायचं काय त्यात?” बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. दुकानाचा मालक चेष्टा करायचा, “मॅडम, तुमचा नोबेल आला का?” मीही हसायचे. घरी जाऊन रडायचे. पण शेवट बदलला नाही. एक वाक्यसुद्धा नाही. नागपूरच्या एका लहानशा दिवाळी अंकाने अखेर ती जशीच्या तशी छापली, आणि त्या अंकावरून मुंबईच्या दिग्दर्शकाचा फोन आला.

“तुमचा शेवट जबरदस्त आहे,” ते म्हणाले. “त्याला हात लावणार नाही.”

मी मायला मिठी मारली होती त्या दिवशी.

शूटिंग आमच्या गावात झालं, त्याच मालकाच्या बांधीत. मालक मरून गेला होता. त्याच्या मुलाने, सगळे त्याला भैयाजी म्हणतात, शेत दिलं, वाड्यावर उतरायला खोल्या दिल्या, युनिटला जेवू घातलं. शेवटचा प्रसंग नंतर दुसरीकडे घेऊ, असं दिग्दर्शकांनी मला सांगितलं. मला पटकथा दाखवली नाही. दिग्दर्शकाच्या शब्दावर माझा विश्वास होता.

पहिला खेळ गोंदियाच्या सभागृहात ठेवला. पुढच्या रांगेत भैयाजी, पाहुणे, पुढारी. आम्ही मागे. पडद्यावर नटीने मालकाच्या गालाला चिखल लावला. मालकाने मारलं. मायने अंधारात माझा हात घट्ट धरला. आणि मग टँकरचा पाऊस सुरू झाला. नटी चिखलात कोसळली. तिने मालकाचे पाय धरले. “चुकली मालक,” म्हणाली. मालकाचे डोळे भरून आले. त्याने तिला उठवलं, स्वतःच्या हाताने जेवू घातलं. बासरी वाजली. सभागृह हुंदके देत होतं.

मायने हात सोडला.

“मी कवा पडली वो त्याच्या पाया?”

हळूच विचारलं तिने. मग आणखी हळू, “तू असा लिवलीस काय?”

आयुष्यात मला कोणी एवढं मारलं नाही.

स्टेजवर माझं नाव पुकारलं. “आपल्या मातीतली लेखिका!” शाल, श्रीफळ, टाळ्या. शाल भैयाजींच्या हातात होती. मी ती घेतली नाही. माइक घेतला.

“ही गोष्ट माझी नाही. माझ्या गोष्टीतली बाई पाया पडत नाही. ती बाई माझी माय आहे, तिथं मागे बसली आहे. ती पाया पडली नव्हती. पिच्चरमधून माझं नाव काढा.”

टाळ्या थांबल्या. कोणीतरी माइक बंद केला. विंगेत दिग्दर्शक दातओठ खात म्हणाले, “त्यांनी शेत दिलं, काहीतरी ऐकावं लागतं. अशाने पुन्हा कोणी तुम्हाला विचारणार नाही.”

“नका विचारू,” मी म्हटलं.

नाव काढलं नाही. आजही पिच्चरच्या सुरुवातीला माझं नाव येतं. पिच्चर आता गावातल्या प्रत्येक मोबाइलवर आहे. मोहल्ल्यातल्या पोरी मायला विचारतात, “आजी, मालकानं तुले खरंच भरवला काय?” माय नाही म्हणते. त्या हसतात.

परवा सगुणाबाई आली. मायच्या बाजूला उभी राहून रोवणी करणारी बाई. त्या दिवशी त्याच बांधीत होती. तीही पिच्चर पाहून आली होती.

“पडली असशील वो,” ती म्हणाली. “लय वर्सं झाली. मानसाले याद नाई राहत.”

“बाई, तू तं तिथंच होतीस,” माय म्हणाली.

सगुणाबाईने नजर वळवली. मग म्हणाली, “पिच्चरमदी तं तसाच दाखवला.”

ती गेल्यावर माय कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत बसली. मग तिने मला विचारलं, “नाई ना पडली वो मी?” पोती उचलून जिची पाठ गेली, ती बाई मला विचारत होती.

“नाई पडलीस, माय. मी होती ना तिथं.”

माझ्याकडून एक गोष्ट घेतली असती तर मी सोडून दिलं असतं. त्यांनी मायकडून तिचा तो एकच दिवस घेतला. त्याची किंमत तिने जन्मभर मोजली होती.

मी पुन्हा लिहायला बसले आहे. संपादक परत पाठवतील, पाठवू देत. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तेव्हा गावात नाटकाचा स्टेज लागतो. नाही छापली तर तिथे उभी राहून वाचीन. भैयाजी पहिल्या रांगेत असतील. तेव्हाही वाचीन.

“काऊन लिहून राहिलीस आता?” मायने विचारलं. “पिच्चर तं झाला.”

“म्हणूनच,” मी म्हटलं, आणि तिला पहिलं वाक्य वाचून दाखवलं. मागच्या वेळी ते गोष्टीच्या शेवटी होतं. आता मी ते सगळ्यात आधी लिहिलं आहे.

माझी माय पाया पडली नाही.