बेलिफकाकांची हरकत

दारावर टकटक झाली की बेलिफकाका आधी तीन प्रश्न विचारत आणि मग दार उघडायचं की नाही ते ठरवत. "कोण? कशासाठी? कोणी पाठवलं?" मी भिंतीला भिंत लागून असलेल्या खोलीतली, फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली, पण वाटीभर साखर मागायला गेले तरी माझी सुटका नसे. "कोणी पाठवलं?" "आईने." "मग ती स्वतः का नाही आली?" आतून काकू ओरडत, "अहो, साखर मागतेय पोर. तुमच्या खोलीचा ताबा नाही मागत!" मग दार उघडे, तेही वाटी आत जाईल एवढंच.

लालबागच्या आमच्या चाळीत त्यांचं खरं नाव कुणी घेतलेलं मला आठवत नाही. कोर्टात ते बेलिफ होते. समन्स बजावायची, नोटिसा पोचवायच्या, कुणी दार उघडलं नाही तर दारावरच कागद डकवायचा आणि शेजारपाजारचे दोन पंच गाठून त्यांच्या सह्या घ्यायच्या, हे त्यांनी तीसेक वर्षं केलं. "मला बघून लोक मोरीत लपायचे," ते सांगत. "घरात आजी बसलेली असायची आणि आजीच म्हणायची, घरी कोणी नाही. माझ्या हातून एकाच्याही घरी चांगली बातमी गेली नाही गं. कागद आला की समजायचं, त्याच्या मागून माणूस येतोय." सांगताना हसत, पण डोळे हसत नसत.

कोणताही कागद ते मागून वाचत. लग्नपत्रिका आली तरी आधी उलटी करून बघणार, मग उजेडासमोर धरणार, मग नवरा-नवरीची नावं. सही करायची वेळ आली तर मजकूर आणि सही यांच्यामध्ये जेवढी म्हणून मोकळी जागा असेल तेवढ्या जागेवर तिरक्या रेघा ओढत, म्हणजे नंतर कुणी तिथे काही घुसडायला नको. मी सहावीत असताना बाबा गावी गेले होते आणि आईने माझं प्रगतिपुस्तक सहीसाठी काकांकडे पाठवलं. त्यांनी सही केली आणि "शेरा" लिहिलेल्या रकान्यावर पट्टी धरून रेघा मारल्या. बाईंनी मला बाकावर उभं केलं. मी रडत घरी आले तेव्हा काका म्हणाले, "बाईंना सांग, शेरा मारायचाच असेल तर आधी मारायचा. सही झाल्यावर नाही."

हसायला ठीक आहे, पण याच खोडीने आमची चाळ एकदा वाचली. पाणी कमी दाबाने येत होतं तेव्हा दोन तरुण गळ्यात ओळखपत्रं अडकवून पाण्याच्या सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन आले. तळमजल्याने भराभर सह्या केल्या. काकांनी नेहमीप्रमाणे फॉर्म उलटा केला, तर मागच्या पानावर बारीक अक्षरात जागा पुनर्विकासासाठी द्यायला संमती होती. जिन्यात आडवे उभे राहून त्यांनी झालेल्या सगळ्या सह्यांचे फॉर्म परत घेतले आणि तिथेच फाडले. त्या दिवसापासून चाळीत एकच कायदा. गॅसचा फॉर्म येवो नाहीतर मतदारयादीचा, विचारायचं एकच: काकांनी सही केली का?

आता दत्तूदाजींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आलं. दाजी तळमजल्यावरचे, मालवणकडचे, काळी-पिवळी टॅक्सी चालवणारे. गल्लीच्या तोंडाशी त्यांची गाडी उभी असे. विषम तारखेला चाळीच्या बाजूला, सम तारखेला समोरच्या टॉवरच्या बाजूला, असा आमच्या गल्लीचा जुना नियम होता. महिन्याच्या एकतीस तारखेमागून एक तारीख आली की दोन्ही दिवस विषम, आणि समोरच्या बाजूवाले हमखास भांडायला येत. दाजी न भांडता गाडी हलवत. चाळीतली अर्धी बाळं त्या टॅक्सीतून घरी आली, माझी मुलगीसुद्धा. बाबांना शेवटचं हॉस्पिटलात नेलं तेही दाजींनीच. काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर तपासणीला नेणं-आणणं दाजींनी केलं आणि मीटर काही पाडला नाही. दुपारी गाडी उभी असली की मागची दारं उघडी टाकून काका आत पेपर वाचत बसत. जगात त्यांचा संशय नव्हता असं ठिकाण मला वाटतं ते एवढंच.

मागच्या वर्षी एका रविवारी गल्लीतल्या दिव्याच्या खांबावर नोटीस लागली. काका चष्मा कपाळावर चढवून मजकुराआधी डिंक बघत होते.

"बघ," मला म्हणाले, "वरचे दोनच कोपरे चिकटवलेत. ज्याला लोकांनी वाचावं असं वाटतं तो चारही कोपरे दाबतो. हा कागद उडून जावा म्हणून लावलाय. आणि वार कुठला? रविवार. मीसुद्धा रविवारी डकवायचो. हरकत घ्यायला सगळं बंद असतं."

"डिंक संपला असेल काका."

"डिंक संपत नसतो. संपवतात."

नोटिशीत लिहिलं होतं ते साधंच होतं. आमच्या आणि पलीकडच्या गल्लीत सम-विषम बंद. टॉवरची बाजू कायमची मोकळी ठेवायची, चाळीच्या बाजूला फक्त रहिवाशांच्या गाड्या, त्यांना स्टिकर मिळणार. धंद्याची गाडी असेल तर शेजारच्या दहा भाडेकरूंनी हरकत नसल्याचं लिहून द्यायचं. मुदत तीन आठवडे.

संध्याकाळी चाळीच्या चौकात सभा भरली आणि प्रत्येकाने आपापली शंका काढली. कुणी म्हणालं, टॉवरवाल्यांचं गेट मोकळं व्हावं म्हणून हे चाललंय. कुणी म्हणालं, आज स्टिकर, उद्या पैसे, परवा आपल्याच दारात आपण पाहुणे. दुसऱ्या मजल्यावरचे जाधवसर शांतपणे म्हणाले, "आमच्या जयंतीचा मंडप आणि तुमच्या गणपतीचा मांडव, दोन्ही याच बाजूला पडतात. बाजू एकदा गाड्यांच्या नावावर लागली, की मग आपण कुठे?" हे सगळ्यांना पटलं. शेवटी सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. काका फक्त म्हणाले, "अर्ज कोणी केला ते आधी कळू दे. नियम आभाळातून पडत नाही. कोणी पाठवलं?"

दाजी सभेत मागे पायरीवर गुडघे चोळत बसले होते. दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसातून फॉर्म घेऊन वर आले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

"काका, पयली सही तुमची. तुमी केल्याशिवाय बाकीचे पेनाक हात लावचे नाय."

काकांनी फॉर्म उलटा केला. मागे कोरा. उजेडासमोर धरला. मग सुलटा करून एका रकान्यावर बोट ठेवलं. "खोली क्रमांक, भाडेकरूचं नाव आणि सही. दत्तू, गाडी लावायला माझ्या खोलीचा नंबर कशाला पाहिजे? दहा भाडेकरू, दहा सह्या, एका कागदावर. उद्या वरचा मजकूर बदलला तर?"

"तुमी रेघा मारा ना. सगळ्या कागदार मारा. पण सही करा. गाडी खंय लावू मी?"

"कागद सरळ दिसतोय," काका म्हणाले, "म्हणून तर भीती वाटते."

दाजी फॉर्म माझ्याकडे ठेवून गेले. सह्या गोळा करायला वर-खाली करणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. मी तो दोनदा वाचला. मी विम्याच्या ऑफिसात काम करते, दिवसभर फॉर्मच वाचते. त्यात काही काळंबेरं नव्हतं. मी सही केली नाही. कुणी विचारलं तर म्हणत होते, काकांचं होऊ दे आधी. सगळे तेच म्हणत होते. फॉर्म माझ्या फ्रिजवर पडून राहिला, वर दुधाच्या पिशव्यांची कात्री.

आणि याच तीन आठवड्यांत मी ऑफिसातून मोबाइलवरच माझ्या स्कूटरचा अर्ज भरला. खाजगी गाडीला सह्या लागत नव्हत्या. स्टिकर आल्यावर कळलं की सभेत सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्यांनीही आपापले स्टिकर आणलेत. संशय सार्वजनिक होता, सोय ज्याची त्याची.

मुदत गेली. नव्या नियमाच्या तिसऱ्या दिवशी दाजींच्या टॅक्सीला जॅमर लागला. त्यानंतर ते गाडी रे रोडला लाकडाच्या वखारींपाशी लावू लागले. सकाळी बसने तिकडे जायचं, दिवसभर धंदा, मग गाडी तिकडे सोडून परत बसने घरी. साठी उलटलेली, गुडघे गेलेले. काका रोज गॅलरीतून त्यांना लंगडत जाताना बघत. बिल्डर येईल म्हणून ते वाट बघत होते. बिल्डर आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला आता वाटतं. पलीकडच्या गल्लीत लोकांनी मुकाट सह्या केल्या, तिथल्या दोन टॅक्सींना जागा मिळाली, आणि पुढे काहीही झालं नाही. आमचा मांडवही उभा राहिला, मंडपही उभा राहिला.

काका स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी माहितीच्या अधिकारात अख्खी फाइल मागवली. आली तेव्हा शेवटच्या पानापासून वाचायला बसले, दोन दिवस. पहिल्या पानावर पोचले तेव्हा मला हाक मारली. मूळ अर्ज पलीकडच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचा होता. तिच्या नवऱ्याला न्यायला आलेली अँब्युलन्स मध्यरात्री तारीख बदलताना दोन्हीकडे लागलेल्या गाड्यांमुळे आत शिरू शकली नव्हती, म्हणून तिने दोन्ही गल्ल्यांत एक बाजू कायमची मोकळी ठेवा अशी विनंती केली होती. पाठवलं होतं तिने. तिच्या मागे कोणी नव्हतं.

"वाच," म्हणाले. मी वाचलं. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग चप्पल घालून तडक खाली गेले.

पण दाजींचं तोवर ठरलं होतं. गाडी विकून झाली होती, सामान बांधलेलं होतं, ते कायमचे गावी निघाले होते. काका त्यांच्या दारात उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "दत्तू, माझं चुकलं. कागद स्वच्छ होता." चाळीने त्यांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. दाजींनी त्यांना आत ओढून खुर्चीवर बसवलं.

"काका, तुमी नाय म्हटलात ह्याचा माका कायएक वाटूक नाय. तुमचो स्वभाव माका ठावक. पण वीस बिऱ्हाडा हत या चाळीत. एकटो तरी खाली येयत म्हणान मी वाट बघलंय."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्या पिशव्या बोलावलेल्या दुसऱ्याच्या टॅक्सीपर्यंत पोचवायला आम्ही सगळे धावलो. पिशव्या उचलायला कुणाचीही हरकत नव्हती.

काका गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेले. त्याच्या महिनाभर आधी एका दुपारी गॅलरीत बसले होते. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की फॉर्म मी तेव्हाच नीट वाचला होता आणि त्यात काही नाही हे मला माहीत होतं.

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलो असतो. आठ दिवस बोललो नसतो. मग पुन्हा वाचला असता." त्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. खाली टॅक्सीच्या जागेवर कुणाची तरी पांढरी मोटार होती, काचेवर स्टिकर. "मी कागद पोचवणारा माणूस होतो गं. निकाल द्यायला वर जज्ज असायचा, दोन्ही बाजू ऐकायचा, मला म्हणायचा, तुम्ही बाहेर थांबा. तुम्ही लोकांनी मला जज्ज कधी केलंत?"

दाजींचा गावचा नंबर माझ्याकडे आहे. काका गेल्याचं त्यांना कळवायचं होतं, ते जाधवसरांनी कळवलं. मी अजून फोन केलेला नाही.