मागून नेलेली सुरी

शस्त्राची पारख पोथीत मिळत नाही, ती रणभूमीच शिकवते, आणि तीसुद्धा लाखात एखाद्यालाच, असं माजी सुभेदार सर्जेराव निकम दुपारच्या जेवणानंतर कॉटवर आडवे होता होता जाहीर करतात. वय शहात्तर. ऐकायला त्यांची सून जयश्री आहे, आणि तिनं गेल्या श्रावणापासून त्यांच्या हाती घरातली सुरी दिलेली नाही, कारण तेव्हा पेरू कापताना त्यांना तीन टाके पडले होते. ती "हो आबा" म्हणते, पंखा दोनवर करते आणि दार ओढून घेते.

प्रश्न नातीचा आहे. केतकी, म्हणजे लेफ्टनंट केतकी निकम, सोमवारी बर्फातल्या चौकीवर निघते आहे. फौजेकडून मिळायचं ते मिळेलच, पण कमरेला आपली स्वतःची एक सुरी असावी, मिटणारी नको, पातं मुठीत पक्कं बसलेली हवी, असं तिचं म्हणणं. सकाळी तिनं तीन सुऱ्यांचे फोटो पाठवले आणि साडेचारपर्यंत आबांनी एक निवडायची असा हुकूम सोडला. आबांनीच का, तर एक गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली आहे. एक्केचाळीस वर्षांपूर्वी तंबूवर बर्फाचा कडा कोसळला आणि आबांनी आपल्या सुरीनं कापड फाडून तीन जवान बाहेर काढले. ही हकीकत गावच्या शाळेत दर सव्वीस जानेवारीला होते. पोरांना ती पाठ आहे, टाळ्या कुठं वाजवायच्या त्यासकट.

सर्जेराव फोटो बघतात, डोळे मिटतात, कूस बदलतात. पहिली. नको, तिसरी. पुन्हा पहिली. एवढा मोठा पारखी, पण सकाळपासून त्यांना एक सुरी ठरवता येत नाही आणि जेवणही धड गेलेलं नाही. पायाशी गोळा झालेली चादर ते कमरेपर्यंत ओढतात. पंखा दोनवर असून गार लागतं. फारच गार लागतं. बंद करावा म्हणून ते बटणाकडं हात लांब करतात, तर हाताला काउंटरची काच लागते.

दुकान ओळखीचं आहे. साताऱ्यातलं भांड्यांचं, थोरल्याच्या लग्नात ताटं-वाट्या इथूनच घेतल्या होत्या. फक्त फळ्यांवर कुकरांच्या जागी बर्फ रचला आहे, लहान-मोठ्या मापानं, नीट ओळीत. काउंटरमागं नायक ज्ञानू पिसाळ उभा आहे. वय सत्तावीस, मेला तेव्हा होतं तेवढंच. भुवयांवर बर्फ आहे आणि तो वितळत नाही.

"लईच म्हातारा झालास रं सर्जा," ज्ञानू म्हणतो.

सर्जेराव म्हणतात की तू मात्र होतास तसाच आहेस. ज्ञानू म्हणतो, त्याला कारण आहे.

मग तो गिऱ्हाइकाची चौकशी करतो. कुणासाठी हवी, उंची किती, पंजा केवढा, डावखुरी का उजवी. नात असल्याचं ऐकून त्याला बरं वाटतं. ती अधिकारी आहे हे ऐकून तो काउंटरमागं सावधान उभा राहतो आणि नंतर लाजतो. काचेवर लाल फडकं अंथरून तो तिन्ही सुऱ्या मांडतो, मुली दाखवायच्या थाटात, प्रत्येकीचं तोंड खाली.

पहिलीच्या पाठीला करवतीचे दात आहेत आणि मुठीच्या टोपणात होकायंत्र. ज्ञानू टोपण फिरवून मुठीत डोकावतो. आत पोकळ. जोर लावला की पातं तिथंच मोडणार, असं तो सांगतो, आणि करवतीनं तुझी नात वर काय कापणार, तिथं झाड बघायचं तर कॅलेंडरवर बघावं लागतं. दुसरी आरशासारखी लखलखते, दोन्ही बाजूंनी धार. ही मिरवणुकीला छान. नेमकं कापताना अंगठा पाठीवर ठेवावा लागतो. जिला पाठच नाही तिच्यावर अंगठा ठेवला तर अंगठाच जायचा. आणि उन्हात चमकली की पलीकडच्या डोंगराला पत्ता कळतो.

तिसरी काळी, बुटकी, वीतभर पात्याची. लोखंड मुठीतून थेट शेवटापर्यंत गेलेलं, मूठ खरबरीत, टोकाला एक भोक.

"ही माझ्या मावशीसारखी हाय," ज्ञानू म्हणतो. "रूपाचं कुणी नाव काढलं न्हाई, पण लग्नघरी पाचशे पान तिनंच उठवलं."

पण तो लगेच हो म्हणत नाही. लोकरीचा जाड हातमोजा पुढं करतो आणि म्यानातून काढून बघायला लावतो. सर्जेरावांची बोटं मोज्यात चाचपडतात. दुकानाचं शटर मागं पडलेलं असतं, ते हलतं, फुगतं, आणि ते शटर नाहीच, तंबूचं कापड आहे. स्टोव्ह फुसफुसतो. काउंटर आता रॉकेलच्या पेटीएवढाच उरला आहे आणि त्यावर घट्ट दुधाचा डबा ठेवलेला आहे.

तो डबा दिसल्याबरोबर सर्जेराव भलतंच बोलू लागतात. गावात रस्ता झाला. जयश्रीचा गुडघा दुखतो. घराच्या मागं पेरूचं झाड लावलं. ज्ञानू सगळं ऐकून घेतो, रस्ता डांबरी का काँक्रीट तेही विचारतो, आणि मग बोटानं डब्यावर टकटक करतो.

"उघड की."

सर्जेराव बघतात तर हातातली सुरी बदललेली आहे. ही ज्ञानूची. त्याच्या गावच्या लोहारानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून ठोकलेली, मुठीला चपलेचं कातडं गुंडाळलेली. त्या संध्याकाळी ती सर्जेरावांनीच मागून नेली होती. डबा फोडतो आणि लगेच आणून देतो, असं म्हणाले होते. डबा फुटला, चहा झाला, गप्पा झाल्या, आणि सुरी त्यांच्याच कमरेला राहिली. पहाटे कडा आला. त्यांचा तंबू त्यांनी त्या सुरीनं फाडला. शेजारच्या लहान तंबूत ज्ञानू एकटा होता. त्याला दोन तासांनी काढला. सुरी कुणाची, हे सर्जेरावांनी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ती गेली तेव्हासुद्धा नाही.

"तुला जाग आली होती का?" ते विचारतात. हे विचारायला त्यांना एक्केचाळीस वर्षं लागली आहेत.

"आली थोडी."

"मग?"

"मग कंबर चाचपली."

स्टोव्ह विझतो. सर्जेरावांना उठायचं आहे, पण छत फार खाली आलं आहे.

"मग आठवलं, तुझ्याकडं हाय," ज्ञानू म्हणतो. "म्हटलं बरं झालं, एकाकडं तरी हाय."

"रागावला नाहीस?"

"रागावलो की. पण थंडी लई व्हती, राग टिकंना."

सर्जेराव रडतात. अश्रू खाली पडतात ते काचेवर गोट्या पडल्यासारखे वाजतात. ज्ञानू त्यांना रडू देतो, तेवढ्यात आपलं काम सुरू ठेवतो. मावशीसारखी ती काळी सुरी घेऊन तो भोकावर बोट ठेवतो. हीच. पण भोक रिकामं ठेवायचं नाही, दोरी ओवायची आणि मनगटाला बांधायची, म्हणजे बर्फात पडत नाही आणि कुणाला देताही येत नाही. कुणी मागायला आलं तर नाही म्हणू नये, नाही म्हणायचा फौजेत रिवाज नाही.

"मागितली तर सुरी द्यायची न्हाई. सुरीबरोबर आपण जायचं. डबा फोडायचा, चहा प्यायचा, सुरी घेऊन माघारी यायचं. एवढं सांग पोरीला."

सर्जेराव म्हणतात, सांगतो, पण बांधायला दोरी कुठाय. ज्ञानू इकडंतिकडं बघतो, मग खाली वाकून कुठून तरी सरसर एक दोरी ओढून काढतो आणि हातमोजे न काढता त्यांच्या मनगटाला गाठ मारू लागतो. घट्ट. आणखी घट्ट. कुठं तरी बिगुल वाजतो, तो फोनसारखा वाजतो.

फोनच वाजतो आहे. साडेचार झाले आहेत. सर्जेराव डाव्या हातानं उशीखालचा फोन काढतात. पडद्यावर केतकी, केस ओले, मागं अर्धवट भरलेली बॅग.

"ठरलं का, आबा?"

"तिसरी. काळी." मग ते मूठ, पाठ, लोखंड, दोरी, सुरीबरोबर आपण जायचं, सगळं एका दमात सांगतात, न जाणो विसरलो तर. केतकी लिहून घेते. ती आता थँक्यू म्हणून फोन ठेवणार, असं दिसल्यावर ते म्हणतात, "थांब. त्या रात्रीची सुरी माझी नव्हती."

आणि ते सांगतात. डबा, चहा, गप्पा, कंबर. सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत, याचं त्यांनाच नवल वाटतं. केतकी बॅगेची चेन उगीच पुढंमागं करते.

"त्यांचं पूर्ण नाव काय?" ती शेवटी विचारते.

"ज्ञानदेव रामजी पिसाळ. कशाला?"

"म्यानावर लिहिणार आहे."

सर्जेराव मान हलवतात. त्यांना डोळे पुसायचे असतात म्हणून ते उजवा हात वर करतात, आणि केतकी पडद्याजवळ येते. हाताला काय बांधलंय, असं विचारते. ते बघतात. मनगटाला पांढऱ्या दोरीचे तीन वेढे आहेत, गाठ चपटी, टोक आत खोचलेलं. बर्फातल्या माणसाची गाठ. एका हातानं ती बसत नाही.

"आबा, जरा उठून खिडकीशी या ना. उजेडात नीट दिसेल."

सर्जेराव दोरी निरखतात. ती ओळखीची वाटते. डावा हात फोनसकट चादरीखाली जातो, पायजम्याच्या कमरेशी घुटमळतो आणि तसाच थांबतो. केतकीला काही क्षण अंधार दिसतो. दारावर टकटक होते. जयश्री चहा घेऊन आली आहे.

"चहा बाहेरच ठेव, जयश्री," माजी सुभेदार आतून सांगतात. "आणि आत न येता, दाराच्या फटीतून, एक सेफ्टी पिन दे बघू."