भाऊजींची हेवी गाणी

जळगावला आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत दीर अभ्यास करायचे, मागे स्वयंपाक आणि माझी खाट. आमचे हे धुळ्याच्या गाडीवर कंडक्टर होते. सकाळी गेले की दिवेलागणीनंतरच यायचे.

दीर इंजिनिअरिंगला होते. कॉलेजातल्या पुण्याकडच्या मुलांकडून ते इंग्रजी कॅसेटी भरून आणायचे. हेवी मेटल म्हणायचे ते त्यांना. तसली गाणी मी कधी ऐकली नव्हती. फरशीवरून पत्रा ओढत न्यावा तशी ती गिटार.

मला तेव्हा आठवा लागला होता. आदल्या वर्षी पहिलं मूल याच महिन्यात पोटातच गेलं. ते हलायचं थांबलं तेव्हा सासूबाईंसकट सगळ्या म्हणाल्या, झोपलं असेल. म्हणून या खेपेला माझं दिवसभर तेच चालायचं. हललं का? आता हललं का?

पुढच्या खोलीत दीर आणि त्यांचा मित्र गाण्याचा प्रकार कोणता यावरून भांडायचे.

"हे थ्रॅश आहे," दीर म्हणायचे.

"घसा ऐक ना त्याचा. हे डेथ."

"मधे संथ होतं, मग तेवढं डूम का?"

"मधलं कोण मोजतं? शेवट ऐक."

डेथ म्हणजे काय ते मी विचारलं नाही. तो शब्द मी दवाखान्यात ऐकला होता.

सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे. त्या आतून अहिराणीत ओरडायच्या, "हाई गानं शे का भांडन शे? मढं उठाडी ऱ्हायनात का?"

एकदा दीर चहा घ्यायला आत आले आणि म्हणाले, "वैनी, या गाण्यांचं मूळ कुठे आहे माहितीये? कापसाच्या शेतात. अमेरिकेतले काळे मजूर कापूस वेचताना गायचे. मग ते शहरात गेलं, तिथे त्याला वीज लागली. विलायतेत लोखंडाच्या कारखान्यांच्या गावात ते जड झालं. मग कोणी पळवलं, कोणी आणखी संथ केलं."

माझं माहेर चोपड्याकडचं. मी लहानपणापासून कापूस वेचलेला. म्हटलं, "वेचताना इतकं ओरडायला दम कुठे राहतो, भाऊजी?"

ते हसले. "ओरडणं नंतर आलं."

पण अक्कांना पोटातल्या जिवाची काळजी होती. त्या एक दिवस म्हणाल्या, "तिना पोटमा लेकरू शे. ते बठ्ठं आयकस." पोटातलं सगळं ऐकतं, म्हणून संथ गाणी लावायची, ओरडायची नाहीत, असं ठरलं. दिरांनी त्यातल्या त्यात एक संथ कॅसेट काढली. अक्का डाळ निवडत होत्या. गाणं इतकं हळू सुरू झालं की त्यांनी मानही डोलावली. आणि मध्येच ते फुटलं. सूप उलटलं, डाळ खोलीभर.

"अक्का, त्याला काही बांध नसतो," दीर डाळ गोळा करत म्हणाले. "एकातून दुसरं निघतं."

"मंग ते तुना कॉलेजमा निघू दे." त्या दिवसापासून टेप बंद.

उन्हाळ्यातली गोष्ट. अक्का पलीकडच्या गल्लीत पापड लाटायला गेल्या होत्या. सकाळपासून पोटात काही हललं नव्हतं. गूळ खाल्ला, गार पाणी प्याले, डाव्या कुशीवर पडले. काही नाही. तेव्हा मी पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, ते लावा."

"कोणतं?"

"जोराचं. डाळ सांडली ते."

ते हसणार होते, पण माझ्याकडे बघून उठले. मी परत खाटेवर पडले, त्यांनी टेप माझ्या पोटाशी ठेवला. ढोल सुरू झाला आणि पोटात काहीतरी हललं. मला रडूच आलं. मग वाटलं, हललं ते मूल की ढोल? खाट थरथरत होती, माझ्या बरगड्या थरथरत होत्या. दिरांनी आणखी जोराची कॅसेट घातली. पुन्हा तेच. हललं असंही वाटायचं, नाही असंही.

"बंद करा."

खोली गप्प झाली. मी दोन्ही हात पोटावर दाबून बसले. काही नाही.

"मला दवाखान्यात न्या."

दीर अनवाणीच रिक्षा आणायला पळाले.

नर्सबाईंनी पोटाला नळी लावून किती तरी वेळ ऐकलं. "ठोके आहेत, पण मंद आहेत." डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं. मुलगी झाली. रडली नाही, नुसती कण्हली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ती जगेल हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

अक्का आल्या त्या पिठाच्या हातांनीच. टेपचं त्यांना शेजारणीने सांगितलं होतं. दारातच दिरांना धरलं, "तुले सांगेल व्हतं ना! पोर घाबरी गई तुना त्या गानासघाई!"

दीर खाली मान घालून उभे.

मी अक्कांसमोर कधी मोठ्याने बोलले नव्हते. टाके ओढत होते. "अक्का, मी लावायला लावलं. पोटात हलत नव्हतं."

"माले काबर नही सांगं?"

अक्का खाटेजवळ खाली बसल्या आणि बोटांवरचं वाळलेलं पीठ खरवडत राहिल्या.

पेटीपाशी कोणाला जाऊ देत नव्हते. दीर दाराच्या काचेतून बघून आले. "हात हलवला," म्हणाले.

अक्कांनी वर पाहिलं. "जाय, आखो एकदाव देखी ये."