ऑर्वल थीसनने चॅनेल निवडलं

ऑर्वल थीसन हा आमच्या लीगचा सेक्रेटरी. आठ संघांची आमची प्रेअरी हॉकी लीग, पगारी खेळाडूंची, आणि तिचं ऑफिस म्हणजे हॅरोबी गावातल्या बर्फाच्या रिंकमागच्या दोन खोल्या. त्यातल्या एकीत आम्ही दोघं समोरासमोर बसतो, एकोणीस वर्षं. एवढ्या वर्षांत मी त्याच्यावर जितकी चिडले, तितकी माझ्या नवऱ्यावरही चिडले नसेन. माणूस सरळ आहे, पण कुठलंही काम हाती द्या, त्याचा कीस पाडल्याशिवाय सोडत नाही.

मागच्या उन्हाळ्यात चॅनेल निवडायचं काम आलं. आमचं जुनं चॅनेल बंद पडल्यापासून सहा वर्षं मॅचेस टीव्हीवर दिसतच नव्हत्या. आता एकदम दोघं दारात उभे. एक नॉर्थलाइन: आठ कॅमेरे, मोठा थाट, पण मॅच बघायची ती त्यांच्या ॲपवर, इंटरनेटवरून. दुसरं चॅनेल चौदा: तीन कॅमेरे, एक म्हातारा समालोचक, पण छपरावर अँटेना असला की फुकट. संघमालकांचा जीव अर्थातच नॉर्थलाइनवर.

ऑर्वलला चौदा हवं होतं, आणि का, ते फक्त मला माहीत होतं. त्याच्या बायकोची, एडनाची, फुप्फुसं गेली आहेत. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि रिंकमधली गार हवा छातीत गेली की खोकून जीव अर्धा होतो. तीस वर्षं घरच्या मैदानावरची एकही मॅच न चुकवलेली बाई दोन हिवाळे शेतावरच्या घरात बसून होती. रेडिओ ऐकायची, पण त्यात चेहरे कुठे दिसतात, म्हणायची. आणि त्यांच्या शेतावर इंटरनेट म्हणजे नुसतं गोल फिरणारं चक्र.

"मीटिंगमध्ये सांगून टाक ना सरळ," मी म्हटलं.

"काय सांगू? माझ्या बायकोसाठी आठ संघांचं चॅनेल ठरवा?"

"अरे, एडनासारखी शंभर घरं असतील."

"मग ती शंभर घरं दाखवतो त्यांना."

झालं. साडेतीन महिने हा पिकअपमध्ये छोटा टीव्ही, अँटेना आणि ॲप टाकलेला फोन घेऊन शेतोशेत हिंडला. लोक कॉफी पाजत, बटर टार्ट खायला घालत, आणि हा त्यांच्या ओट्यावर टीव्ही मांडून अँटेना फिरवत बसे. चित्र नीट दिसलं तिथे नकाशावर हिरवा ठिपका, अडकलं तिथे लाल. ऑफिसचं सगळं काम माझ्या डोक्यावर.

सप्टेंबरच्या मीटिंगला लॉर्न बेकस्टेड म्हणाला, "ऑर्वल, जग फोनवर बघतंय आणि तू अँटेना घेऊन फिरतोयस." लॉर्न म्हणजे मालकांमधलं सगळ्यात मोठं प्रस्थ. ऑर्वलने फोन त्याच्या हातात दिला. "हे चक्र तुमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलंय. वीस मिनिटं आहे. पूर्ण बघा." पाच विरुद्ध तीन मतांनी चौदा जिंकलं. त्या दिवशी मला त्याचं खरंच कौतुक वाटलं.

ते तीन आठवडे टिकलं. मग चॅनेल चौदाच्या बाईंचा फोन आला. "तुमच्या नियमाप्रमाणे घरच्या मैदानावरची मॅच गावापासून ऐंशी किलोमीटरांत दाखवायची नाही ना? आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत सगळी तिकिटं खपली तरच दाखवायची."

मी कपाट उपसलं. कलम बावीस. अकरा वर्षांपूर्वी लोक थंडीला कंटाळून मॅच घरीच बघू लागले, स्टँड ओस पडले, म्हणून केलेला नियम. खाली लिहिलेलं: सूचक, ऑर्वल थीसन.

ऑर्वलचं शेत त्या ऐंशी किलोमीटरांच्या आतच. त्याने कागद दोनदा वाचला. "मीच," तो म्हणाला.

"दुनियेची शेतं पालथी घातलीस, आणि आपल्याच कपाटातला कागद बघितला नाहीस?" मी संतापून विचारलं. नियम बदलायचा तर जूनच्या वार्षिक सभेत. आधी सभा बोलवा म्हटलं, तर लॉर्न हसला. "नियम तुझाच आहे रे बाबा."

हॅरोबीची घरच्या मैदानावरची पहिली मॅच शनिवारी दुपारी होती. आठवडाभर आम्ही दोघांनी दंतवैद्य, शाळा, चर्च, कर्लिंग क्लब, कोणालाही तिकिटं विकल्याशिवाय सोडलं नाही. शुक्रवारी साडेअकराला एकच खुर्ची उरली. चौथी रांग, बारा नंबर.

"ही कोणाची?" मी विचारलं, आणि विचारतानाच कळलं. त्याच्या शेजारची, एडनाची. दोन हिवाळे त्याने ती ऑफिसच्या नावाने अडवून ठेवली होती.

"ती विकायची नाही," तो म्हणाला.

"मग मी घेते."

"ऑफिसच्या माणसांचं तिकीट धरत नाहीत. पोटकलम तीन."

"तेही तूच लिहिलंस?"

"हो."

"मग कोणाच्या तरी नावावर घे आणि रिकामी ठेव."

"ते खोटं होईल." आणि मग, टेबलाकडे बघत, "ती बरी झाली की तिला लागेल."

पावणेबाराला मी सरळ एडनाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. "ऑर्वलला दे," म्हणाली. त्याने फोन कानाला लावला, फक्त "हं" म्हणाला, आणि तिकीट खिडकीकडे गेला. खुर्ची एका ट्रक ड्रायव्हरला गेली. तो पाहुण्या संघाची जर्सी घालून आला होता.

शनिवारी मी शेतावर एडनाजवळ टीव्हीसमोर बसले. चित्र स्वच्छ होतं. दुसऱ्या सत्रात कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला आणि चौथ्या रांगेत ऑर्वल दिसला, त्या माणसाकडे अर्धी पाठ करून बसलेला. एडना हसली, हसताहसता खोकली, आणि नळी नीट करून पुन्हा मॅच बघू लागली.

तो घरी आला तेव्हा अजून उजेड होता. दारातच त्याने विचारलं, "दिसलं?"

"सगळं दिसलं. शेजारच्याशी एक शब्द बोलला नाहीस."

"पाहुण्यांचा होता तो."

"पुढच्या वेळी बोल. आणि ती खुर्ची आता सीझनभरासाठी विकून टाक."

ऑर्वल बूट काढायला वाकला होता, तसाच थांबला. "एडना, समज तुला बरं वाटलं—"

"नाही वाटणार, ऑर्वल. मला मॅच बघायची आहे."