न नांगरलेलं रान

मातीला दुखतं, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका शेतकरी निघाला. हे माझे थोरले मामा. पालमजवळच्या आपल्या रानात त्यांनी नऊ वर्षं नांगर घातला नव्हता. होळीच्या सुमाराला सगळं शिवार नांगरून काळंभोर व्हायचं आणि मधोमध मामांचं रान ज्वारीची धसकटं घेऊन, न्हाव्याकडे जायचं राहून गेलेल्या माणसासारखं उभं असायचं. पेरणीला ते त्याच धसकटांतून काठीने भोकं पाडून बी टोकायचे. कोणी हसलंच तर म्हणायचे, "नांगरट म्हंजी आपरेशन. दरसाल पोट फाडलं तर तू तरी वाचशील का रं?" यंदा ज्वारी, तर पुढच्या साली तूर नाहीतर मूग, आणि मधल्या दिवसांत जमीन उघडी पडू नये म्हणून बोरू किंवा मटकी. गुरं रानात चरायची, पण खुंटीला बांधून. एकाच जागची माती तुडवली जाऊ नये म्हणून रोज सकाळी मामा पावलं मोजून खुंटी पुढे सरकवायचे. एकदा मी आळसाने ती जागेवरच ठेवली, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. खतासाठी रानात मेंढरं बसवायला येणाऱ्या धनगराचा तर असा पाहुणचार, की जावयाने हेवा करावा.

पण जावई मिळणंच अवघड होऊन बसलं. आमच्याकडे पाहुणे आधी मुलगी बघतात, मग रान. मामांच्या लेकीला बघायला आलेली दोन स्थळं धसकटं पाहून, "ह्यांच्यानं कष्ट व्हत न्हाईत" म्हणत बांधावरूनच परतली होती. तिसरं स्थळ वालूरचं. दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे होते. बंदमुळे एसट्या थांबल्या आणि पाहुण्यांचं येणं आठ दिवस पुढे गेलं. तेवढ्यात मामीने शेजाऱ्याला बोलावून त्याचा नांगर बैलांसकट रानाच्या सडकेकडच्या बाजूला आणून उभा केला.

मामांनी तो पाहिला मात्र, मामी रडायलाच लागली. "रान काय, पुन्हा नीट करताल तुमी. पोरीला आणखी किती दिस बसवायचं?"

आता मामा पेटणार, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "सडकंवरून किती दिसतंय?" मामीने हाताने दाखवलं.

"मंग तेवढंच." शेजाऱ्याला बाजूला करून त्यांनी स्वतः नांगर धरला.

पाहुण्यांनी एसटीतून उतरताच ढेकळं पाहिली. "रान लय झाक ठिवलंय," म्हणाले. मामा पुढचं रान दाखवायला गेलेच नाहीत. चहावर चहा पाजून त्यांना घरातच गुंतवून ठेवलं. वैशाखात लग्न झालं.

पाठवणीनंतर मामा कुठे दिसेनात. शोधत गेलो तर लग्नाच्या नव्या धोतरात, त्या सडकेकडेच्या ढेकळांत बसलेले.

"मामा, घरी चला. सगळे वाट बघायलेत."

"तू हो पुढं," ते म्हणाले. त्यांचा हात ढेकळावर होता. "हिला सांगायलोय. पोरीसाठी केलं म्हणून."

मी पुढे गेलो नाही. त्यांचं सांगून होईपर्यंत बांधावर बसून राहिलो.